श्री सोडून बाकी सगळं

कुसुमताई गेल्या हे जळगावहून त्यांच्या भाच्याने फोनवर सांगितलं, आणि मी त्याच्यावर ओरडले. खरंच ओरडले. "काहीतरी काय बोलतोस रे!" म्हटलं. तो बिचारा म्हणाला, "मावशी दुपारी जेवून आडवी झाली. चहाला उठवायला गेलो तर..." पुढचं मी ऐकलंच नाही. फोन कानाला, आणि मी गॅसवरच्या उतू जाणाऱ्या दुधाकडे नुसती बघत उभी.

आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की ही बाई आपल्याला तपासतेय. अशी काहीतरी भलतीच बातमी टाकायची आणि समोरचा कसा कोलमडतो ते बघायचं, हा त्यांचा धंदाच होता. मला वाटलं, आता पाठीमागून एक टाळी ऐकू येईल आणि त्या म्हणतील, "मोडलीस ना?" टाळी काही आली नाही. दूध उतू गेलं ते गेलंच.

आता हा धंदा काय ते नीट सांगते, नाहीतर ताई कुणाला कळायच्या नाहीत.

बऱ्हाणपुरात राजपुऱ्यात एका कापड दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत आमचं ऑफिस. राकेश चौधरी हा मालक. वयाने माझ्याहून लहान, पुण्यात शिकला आणि परत आला. आमच्या तापीकाठी केळी पिकवायचे चेंबर जागोजागी आहेत. हिरवी केळी हवाबंद खोलीत रचायची, मोजका गॅस सोडायचा, थंडावा धरायचा, की चार-सहा दिवसांत माल पिवळाधमक. राकेशने या चेंबरसाठी संगणकाची एक छोटीशी भाषा बनवली. तिचं नाव 'घड'. केळीवाल्याला इंग्रजीच्या नादी का लावायचं, म्हणून सगळे हुकूम आपल्या भाषेत: 'गॅस सोड', 'थंडावा धर', 'पंखा लाव', 'दार उघड'. चेंबरवाला आपल्या मालाप्रमाणे या ओळी टाइप करतो आणि मशीन तसं चालतं. त्या ओळी वाचून त्यांचा अर्थ लावणारा जो भाग, त्याला पार्सर म्हणतात. पार्सर लिहिला राकेशने. चेंबरवाल्यांना भाषा शिकवायला स्कूटीवर गावोगाव फिरायचे मी. आणि कुसुमताई महाजन यांना राकेशने ठेवलं होतं तो पार्सर मोडायला.

हो, मोडायला. मलाही पहिल्यांदा ऐकून धक्काच बसला होता. म्हटलं, आपणच बांधायचं आणि पगार देऊन दुसऱ्याकडून मोडून घ्यायचं, पैसा जास्त झालाय का या पोराला?

ताई पॉलिटेक्निकमध्ये शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. सुती साडी, चष्म्याला काळी दोरी, आणि चाल अशी की मागून स्कूटीवाल्याने हॉर्न द्यायच्या आधी त्यांनीच वळून त्याला "हळू" म्हणावं. विनयबिनय काही नाही. आल्या त्या दिवशी राकेश 'मस्त चल रहा है' म्हणत मोठ्या कौतुकाने पार्सर दाखवत होता. ताईंनी विचारलं, "हात लावू?" तो म्हणाला, "लावा ना." ताईंनी टेबल पुसायचं ओलं फडकं उचललं आणि कीबोर्डवरून असं खसाखसा फिरवलं, जसा ओटाच पुसताहेत. पडद्यावर काहीतरी अगम्य उमटलं आणि सगळं काळं. अहो, चहासुद्धा आला नव्हता! ताईंनी एकच खणखणीत टाळी वाजवली.

राकेश लाल झाला. "ताई, ऐसा कोई लिखेगा ही नहीं ना!"

"का नाही? वैतागलेला माणूस लिहील. झोप न झालेला लिहील. मांडीवर पोर घेऊन बसलेली बाई लिहील," ताई म्हणाल्या. "चाललंय, चाललंय काय म्हणतोस? अजून कुणी धड मोडलं नाही, एवढंच."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी कशाबद्दलही 'बरं चाललंय' म्हटलं की हे यायचंच. माझ्या नवऱ्याची तब्येत, नगरपालिकेचा नळ, राकेशचं जमत आलेलं लग्न, कशालाच त्यातून सुटका नव्हती. कधी कधी मला इतका राग यायचा की वाटायचं, बाई, चाललंय तर चालू द्या ना चार दिवस.

पुढे त्यांनी फडक्याच्या जागी एक प्रोग्राम लिहिला. फझर म्हणतात त्याला. तो काय करायचा, तर चेंबरवाल्यांनी खरोखर लिहिलेले प्रोग्राम घ्यायचा आणि ते फाडायचा. मधलाच शब्द गायब. थंडावा किती अंश त्या आकड्याच्या जागी नुसताच काना. ओळी उलट्यासुलट्या, एकच हुकूम मारुतीच्या शेपटासारखा लांबच लांब. असला कचरा दिवसभर पार्सरच्या तोंडात कोंबत राहायचं. पार्सरने काय करावं? 'मला हे कळत नाही' म्हणून सरळ थांबावं. त्याने कचरा मुकाट गिळला किंवा तो स्वतःच आडवा झाला, की ताईंची टाळी. सुरुवातीला दिवसभर टाळ्या चालायच्या. खालचा दुकानदार एकदा वर येऊन विचारून गेला, "मॅडम, भजन मंडल शुरू किया क्या?"

मला हे गिळणं-बिळणं कळेना. तेव्हा ताईंनी मला हाताला धरून खाली नेलं, समोरच्या मिठाईवाल्याकडे. म्हणाल्या, "भैया, उणे पाव किलो मावा जिलबी दे. मायनस पाव."

मिठाईवाल्याचा झारा कढईवर तसाच. "मतलब?"

"बघ," ताई माझ्याकडे वळल्या, भर दुकानात, "माणूस विचारतो, मतलब? आपल्या राकेशचा पार्सर विचारत नाही. तो उणे पाव किलो तोलून हातात देतो. आता तूच सांग, माझ्या पिशवीत काय पडेल?"

मी वेड्यासारखं खरंच त्यांच्या पिशवीत बघितलं. मिठाईवाला मात्र तेव्हापासून ताई दिसल्या की आधीच हात जोडायचा.

पण हे सगळे खेळ नव्हते. कशासाठी ते त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. चेंबर हवाबंद असतो. आत रचलेली केळीसुद्धा श्वास सोडत असतात, आणि कोंडलेली ती हवा माणसाला घातक. म्हणून दार उघडायच्या आधी मोठा पंखा लावून आतली हवा बाहेर काढायची, हा पहिला नियम. कुणी लिहायला विसरलं तर? म्हणून राकेशने तो नियम प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर स्वतःच बसवून ठेवला होता, लपवून. चेंबरवाल्याला तो दिसायचा नाही. तुम्ही पंखा लिहा, न लिहा, मशीन आधी पंखा लावणार आणि मगच दाराचं कुलूप सोडणार.

"मीना," ताई म्हणाल्या, "बाकी काहीही चुकलं तर केळी सडतील. हे एक चुकलं तर माणूस जाईल. मी पगार त्या एका नियमाचा घेते. माझा सगळा कचरा फिरून फिरून तिथंच नेऊन टाकायचा, की हा नियम निसटतो का."

तो कधी निसटला नाही. महिनोन् महिने नाही. टाळ्याही विरळ झाल्या. राकेशची कॉलर ताठ झाली, आणि पावसाळा संपता संपता फोपनारपासून असीरगढच्या पायथ्यापर्यंत कितीतरी चेंबर 'घड'वर चालायला लागले.

फाडणं हे ताईंच्या रक्तातच होतं, आणि हे मी उगाच म्हणत नाही. त्यांचे वडील नोकरीसाठी महाराष्ट्रातून इकडे आलेले, कागद कारखान्यात. तिथल्या प्रयोगशाळेत त्यांचं काम कागद फाडायचं. किती जोर लावला की फाटतो, आडवा लवकर फाटतो की उभा, हे बघायचं आणि मग माल बाहेर सोडायचा. ताई अभिमानाने सांगायच्या, "आमच्या घरात फाडण्यावर चूल पेटली." वडिलांना इतकी सवय की घरी आलेला कुठलाही कागद आधी फाडून बघणार. वह्या, पुड्याचे कागद, ताईंचं प्रगतिपुस्तकसुद्धा एकदा कोपऱ्यातून गेलं.

फक्त एक अपवाद. लग्नपत्रिका आली की वडील आधी कात्री घ्यायचे. वरचा गणपती आणि 'श्री' हळूच कापून देवघरात ठेवायचे आणि उरलेली पत्रिका टर्रकन फाडायचे. देवाचं नाव फाडायचं नाही. ताईंनी हे जसंच्या तसं उचललं होतं. आमच्या ऑफिसात पत्रिका आली की ती पहिल्यांदा ताईंच्या टेबलावर. छोटी कात्री काढून गणपती वेगळा, मग टर्रकन. "कागद हलका. मुलीकडच्यांनी काटकसर केली," असा निकाल. कापलेले गणपती टेबलाच्या काचेखाली ओळीने मांडलेले. कुणी बघायला आलं तर वाटावं देऊळ आहे, आणि समोर बसलेली बाई दिवसभर फाडाफाडी करतेय.

फझरलाही त्यांनी तेच शिकवलं होतं. आमच्याकडे 'श्री' लिहिल्याशिवाय कोण कागदाला पेन टेकवतं? चेंबरवालेही पहिल्या ओळीत 'श्री' टाइप करायचे, मग गॅस आणि पंखा. राकेशने म्हणून पार्सरला सांगून ठेवलं होतं, श्री दिसला की नमस्कार कर आणि पुढे जा, त्याचा अर्थ लावत बसू नकोस. आणि ताईंनी फझरला सांगितलं होतं, पहिल्या ओळीतला श्री बाजूला ठेव आणि मग बाकीचं फाड. मी एकदा सहज विचारलं तर माझ्यावरच डोळे वटारले. "श्री फाडू? घरचे संस्कार विसरलीस की काय?" मी कानाला हात लावला. मलाही ते पटलंच होतं. कुणाला पटणार नाही?

मग दिवाळी आली. 'घड'वरची पहिली दिवाळी. पाडव्याच्या सकाळी फोपनारच्या गोकुळभाऊंनी आम्हाला पूजेला बोलावलं. गोकुळभाऊ म्हणजे माझे पहिले विद्यार्थी. पन्नाशीचा शेतकरी माणूस, पण 'घड' असे लिहायचे की राकेशने तोंडात बोट घालावं. मी आणि ताई स्कूटीवर गेलो. चेंबरसमोर रांगोळी, संगणकाला झेंडूची माळ, पडद्यावर कुंकवाचं बोट, कीबोर्डवर अक्षता. गोकुळभाऊंनी नवी टोपी घातलेली. त्यांच्या घरच्या सुमनवहिनी नव्या लुगड्यात, हातात ताट. भाऊंनी मुहूर्तावर काहीतरी टाइप केलं, हात जोडले, नारळ फोडला. पाडव्याचा पहिला हुकूम म्हणून त्यांनी 'दार उघड' चालवलं. पिकलेल्या केळ्यांची पहिली फणी देवापुढे ठेवायची, मग माल बाहेर काढायचा.

खट्कन कुलूप सुटलं. सुमनवहिनी ताट घेऊन आत गेल्या.

ताई माझ्याशी बोलत होत्या. काय बोलत होत्या मला आठवत नाही, कारण मधेच थांबल्या आणि त्यांनी चेंबरकडे मान वळवली.

"मीना. पंखा वाजला?"

तो पंखा केवढा असतो! लागला की सगळा पत्रा थरथरतो, बोललेलं ऐकू येत नाही. आणि आम्ही तर आरामात गप्पा मारत होतो.

ताई किंचाळल्या, "वहिनी, बाहेर या!" आतून ताट पडल्याचा आवाज आला. बस, तेवढाच.

गोकुळभाऊ धावले. ताईंनी त्यांचा सदरा मागून धरला, टर्रकन फाटला, तरी सोडला नाही. "आत जायचं नाही! तुम्हीपण पडाल! पंखा, हाताचा पंखा लावा!" बाहेरच्या भिंतीवर हाताने लावायचं बटण असतं, ते मी दाबलं. पंखा धडधडायला लागला. वहिनी दाराशीच कोसळल्या होत्या, पाय उंबऱ्यावर. श्वास रोखून ताईंनी आणि भाऊंनी बाहेरूनच पाय धरून त्यांना ओढलं. अंगणात रांगोळीवर आणून निजवलं. ओठ निळे. गोकुळभाऊ "सुमन, ओ सुमन" करत गालावर थापट्या मारत होते. आणि मग वहिनींनी मोठ्ठा श्वास घेतला, खोकल्या, ओकल्या. भाऊ तिथंच मातीत बसले आणि लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले. शेजारच्यांनी जीप काढली आणि वहिनींना दवाखान्यात नेलं. वाचल्या हो बाई. आजही ठणठणीत आहेत.

ताई रिकाम्या क्रेटवर बसल्या. मग जीपमागे निघालेल्या भाऊंना थांबवून विचारलं, अगदी हळू, "भाऊ, आज प्रोग्राममध्ये काय बदललंत?"

"काहीच नाही ताई. काहून बदलू? पाडवा हाय म्हणून फक्त श्री काढला."

"श्री तर रोज असतो."

"रोजचा एक असते. आज पुरा काढला ना, नव्या वहीवर काढतात तसा."

ताई उठल्या आणि पडद्यासमोर उभ्या राहिल्या. मीही पाहिलं. वर मधोमध एक श्री. त्याखाली दोन. त्याखाली तीन. देवळाच्या शिखरासारखा खाली खाली पसरत गेलेला. पाडव्याला आपल्याकडे नव्या वहीच्या पहिल्या पानावर काढतात तस्सा, सुबक, एकेक मोकळी जागा मोजून बसवलेला. आणि त्याखाली भाऊंचा रोजचा प्रोग्राम.

ताईंनी राकेशला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, श्री तो पार्सर छोड देता है ना।"

"शब्द सोडतो. शब्दाच्या आधीची मोकळी जागा?"

पलीकडून राकेशचा आवाज आला, "हे भगवान।"

मला नंतर समजलं ते असं. 'घड'मध्ये ओळ डावीकडे सरकली की पार्सर समजतो, आधीचं प्रकरण मिटलं. श्रीच्या शिखरात प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा डावीकडे सरकलेली. पार्सर श्रीला नमस्कार करत गेला, पण जागा मोजत राहिला, आणि ओळीगणिक एकेक प्रकरण मिटवत मिटवत शेवटी डोक्यावर लपवलेला राकेशचा पंख्याचा नियमही मिटवून मोकळा झाला. मुकाट. एक अक्षर तक्रार नाही.

आणि त्याच क्षणी ताईंनी माझा दंड असा घट्ट धरला की दोन दिवस वळ होता. "मीना, आज पाडवा आहे. हा श्री आज सगळ्यांनी काढला असेल."

सगळ्यांनी! प्रत्येक चेंबरवर याच वेळी झेंडूची माळ, अक्षता, नारळ, आणि पहिली फणी आणायला आत जाणारी कुणीतरी बाई.

आम्ही तिथंच अंगणात उभ्या राहून फोन लावायला सुरुवात केली. सगळे चेंबरवाले माझ्या ओळखीचे, पण पूजेच्या वेळी फोन कोण उचलतो? उचलला की "ताई, दिवाळीच्या शुभेच्छा! फराळाले या" सुरू. मी "दार उघडू नका" म्हणून ओरडायचे. "पंखा हाताने लावा" म्हटलं तर "मशीन लावते ना ताई, तुम्हीच तर शिकवलं." माझे शब्द माझ्याच तोंडावर! शेवटी ताईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"मी कुसुम महाजन बोलतेय. पडद्यावरचा श्री पुसा."

पलीकडे जे व्हायचं तेच झालं. कुणी हसलं, कुणाला वाटलं थट्टा. एकाने चिडून विचारलं, "डोकं ठिकाणावर हाय का? पाडव्याच्या दिवशी श्री पुसू? लक्ष्मी घरातून काढू?" आणि ताई, ज्यांनी आयुष्यात लग्नपत्रिकेवरचा श्री फाटू दिला नाही, त्या पुन्हा पुन्हा, एकेकाला, तेच सांगत होत्या. "पुसा. पाप माझ्या डोक्यावर. माझं नाव घेऊन पुसा. पण पुसा."

बहुतेकांनी ऐकलं. असीरगढच्या पायथ्याशी एक दगडूआबा आहेत, त्यांनी फोन आपटला आणि मग उचललाच नाही. आम्ही स्कूटी दामटली. त्या रस्त्यावर मी काय काय नवस बोलले ते सांगत नाही. पोहोचलो तर मजूर क्रेट घेऊन दारात उभे, आणि आबा मुहूर्ताची वाट बघत ओट्यावर बसलेले. मुहूर्त उशिराचा होता म्हणून! नुसतं तेवढ्याने वाचले.

आबा उठलेच. "माझ्या श्रीला हात लावायचा नाही."

ताईंनी चपला काढल्या. नळावर हात धुतले. पडद्यासमोर उभं राहून डोळे मिटले, नमस्कार केला, आणि सगळ्या मजुरांसमोर एकेक श्री पुसायला लागल्या. खालची ओळ, मग वरची, मग त्यावरची. ओठ हलत होते. आबा डोक्याला हात लावून बघत राहिले. शेवटचा श्री पुसला, ताईंनी 'दार उघड' चालवलं, आणि आधी पंखा धडधडला. तेव्हा कुठे आबांना काहीतरी समजलं, आणि त्यांनी नातसुनेला हाताला धरून दारापासून मागे ओढलं. तिच्या हातात ताट होतं.

दिवाळीनंतर ऑफिस उघडलं त्या दिवशी ताई माझ्या आधी आल्या होत्या. चपला बाहेर. फझर समोर उघडा. त्यांनी त्यात श्रीचं ते शिखर घातलं, हात जोडले आणि फझरला सोडून दिलं त्यावर. पार्सर लगेच पडला. दुसऱ्या तऱ्हेने फाडला, पुन्हा पडला. मी टाळीची वाट बघत होते, खरंच, सवयीने. टाळी नाही. राकेश मान खाली घालून दुरुस्ती करत होता.

"मी सगळं फाडलं, मीना," ताई म्हणाल्या. "श्री सोडून बाकी सगळं. आणि भोक नेमकं तिथंच होतं."

"ताई, तुमची काय चूक? कुणाच्या मनात तरी आलं असतं का?"

"कुणाच्याच मनात येत नाही, म्हणूनच मला पगार होता."

मला वाटलं त्या नोकरी सोडतील. नाही सोडली. उलट आणखी कडक झाल्या. चेंबरवाल्यांच्या घरी जाऊन विचारायच्या, तुम्ही सणाला काय लिहिता, पोराच्या नावाने काय लिहिता, कुणी गेलं तर काय लिहिता. जे जे कुणी कचरा म्हणणार नाही, ते ते फझरमध्ये. दर वेळी आधी हात जोडायच्या आणि मग चालवायच्या. डोळे अधू झाले तेव्हा भाचा न्यायला आला. जायच्या आदल्या दिवशी राकेशची आई पेढे आणि राकेशच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. पहिली पत्रिका ताईंना, असं राकेशनेच ठरवलं होतं.

सुंदर पत्रिका होती. जाड कागद, वर सोनेरी गणपती, त्याखाली लाल श्री. आम्ही सगळे हसत उभे. राकेशने तर स्वतःच ड्रॉवरमधून छोटी कात्री काढून ताईंच्या पुढे धरली. ताईंनी कात्री घेतली नाही. पत्रिका डोळ्यांजवळ नेली, कपाळाला लावली, बराच वेळ तशीच धरली. मग दोन्ही हातांत पकडून वरून, बरोबर मधोमध, गणपतीतून आणि श्रीतून, टर्रकन फाडली.

राकेशची आई "अगं बाई!" म्हणून उठून उभी राहिली. माझ्या हातातला पेढा खाली पडला. राकेश पांढराफटक.

"आता काहीच सोडायचं नाही, राकेश," ताई म्हणाल्या. त्या रडत होत्या. दोन्ही तुकडे पुन्हा कपाळाला लावले, एकावर एक नीट ठेवले आणि पर्समध्ये टाकले. मग पदराने चष्मा पुसला आणि राकेशच्या आईकडे वळून म्हणाल्या, "कागद चांगला घेतलाय हो वहिनी."